'कॅन्डिड' : एका शुभ्र शब्दाची कुळकथा

इंग्रजी वाङ्मयाचा विद्यार्थी कोश उघडतो तो कठीण शब्दांसाठी. सोप्या शब्दांच्या वाटेला तो सहसा जात नाही, आणि फसगत होते ती नेमकी सोप्या शब्दांनीच. 'कॅन्डिड' हे विशेषण याच जातीचे. त्याचा आजचा अर्थ आपणां सर्वांना ठाऊक आहे : स्पष्टवक्ता, परखड, मनात असेल ते तोंडावर बोलून दाखवणारा. हल्ली लग्नात नकळत टिपलेल्या छायाचित्रांनाही 'कॅन्डिड फोटो' म्हणतात. पण हाच अर्थ मनात धरून जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीकडे गेले, की कोडे पडते.

कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात एलिझाबेथ आणि तिची थोरली बहीण जेन नाचाच्या मेळाव्यात भेटलेल्या मंडळींविषयी बोलत आहेत. जेनला कोणाचेच वाईट दिसत नाही, आणि तिच्या या स्वभावाला एलिझाबेथ 'कॅन्डर' म्हणते. जेन तर इतकी अबोल, की बिंग्लीवरचे तिचे प्रेम त्याच्या जिवलग मित्रालाही ओळखता येत नाही आणि जुळत आलेले लग्न मोडायची वेळ येते. अशा मुलीला परखड म्हणायचे तरी कसे? या प्रश्नापायी मी कोश घेऊन बसले, आणि एका लहानशा विशेषणामागे केवढा मोठा गोतावळा आहे ते कळले.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'कॅन्डेरे' म्हणजे चमकणे आणि 'कॅन्डिडस' म्हणजे लखलखीत पांढरा. इंग्रजीतली 'कॅन्डल', म्हणजे मेणबत्ती, ही त्याच घराण्यातली. इतकेच काय, भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'चंद्र' या शब्दालाही याच कुळात बसवतात. प्राचीन रोममध्ये सरकारी पदासाठी उभा राहणारा इसम खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून मते मागत हिंडे; त्यावरून 'कॅन्डिडेट' हा शब्द आला. निवडणूक आणि पांढरे कपडे यांचे नाते आपल्याकडच्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नकोच!

इंग्रजीत आल्यावर हा पांढरेपणा कपड्यांवरून मनावर गेला. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या कोशात 'पांढरा' हा अर्थ आधी दिला आहे, पण तो क्वचितच आढळतो असेही म्हटले आहे. पुढे दिलेला अर्थ असा : ज्याच्या मनात आकस नाही, कपट नाही, जो न्यायी आहे, मोकळा आहे. 'कॅन्डर'च्या अर्थांत तर त्यांनी स्वभावाचा गोडवा आणि ममता यांनाही जागा दिली आहे. म्हणजे अठराव्या शतकातला कॅन्डिड माणूस दुसऱ्याची पारख करताना मन स्वच्छ ठेवणारा, शंकेला जागा असेल तेथे चांगलेच गृहीत धरणारा असे. त्या काळचे लेखक प्रस्तावनेत 'कॅन्डिड रीडर'ला साद घालीत, ती आपले वाभाडे काढून घेण्यासाठी नव्हे. वाचकाने दोष पोटात घालावेत म्हणून. मराठीत आपण अशा वाचकाला 'गुणग्राही' म्हणू.

मग अर्थ पालटला कसा? जॉन्सन यांच्या 'मोकळा' या शब्दातच त्याचे बीज असावे, असे मला वाटते. मोकळेपणा दोन प्रकारचा. एक, दुसऱ्याला आत येऊ देण्याचा. दुसरा, आपल्या आतले बाहेर टाकण्याचा. जुना कॅन्डर कानांत आणि डोळ्यांत राहत असे. नवा जिभेवर राहायला आला. वापरातला फरकही यावरून ध्यानात ठेवता येतो. जुन्या पुस्तकात वाचक, श्रोता किंवा न्यायनिवाडा कॅन्डिड असेल, तर बहुधा 'उदारबुद्धीचा' असे समजावे. आजच्या लेखनात उत्तर, मुलाखत किंवा कबुली कॅन्डिड असते. तेथे 'आडपडदा न ठेवता' असा अर्थ घ्यावा.

या गुणाचे सोंग आणणारेही तेव्हा होतेच. शेरिडनच्या 'द स्कूल फॉर स्कँडल' या १७७७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात मिसेस कॅन्डर नावाची बाई आहे. लोकांची बाजू घेत असल्याचा आव आणून ती त्यांची निंदा गावभर करते. जुना अर्थ ठाऊक असल्याखेरीज या नावातली खोच कळत नाही. १७९८ साली जॉर्ज कॅनिंगनेही आपल्या उपरोधिक कवितेत 'कॅन्डिड' मित्राची चांगलीच रेवडी उडवली.

आता पुन्हा ऑस्टेनकडे येऊ. आजच्या अर्थाने पाहिले तर या कादंबरीत कॅन्डिड ठरते ती फटकन बोलणारी एलिझाबेथ. ऑस्टेनच्या अर्थाने मात्र तो मान जेनचा. डार्सीविषयी सारे गाव वाईट बोलत असता, काहीतरी गैरसमज असेल असे जेन म्हणत राहते, आणि तिचेच खरे ठरते. हा गुण दर वेळी उपयोगी पडतो असे नाही. बिंग्लीच्या बहिणीच्या मैत्रीवर जेन भाबडेपणाने विश्वास ठेवते आणि शेवटी आपण फसलो हे मान्य करते. पण डार्सीचे पत्र वाचल्यावर एलिझाबेथला स्वतःची लाज वाटते, तेव्हा बहिणीच्या या उदार वृत्तीला आपण तुच्छ लेखले हेही तिला आठवते. तेथे 'कॅन्डर'चा अर्थ परखडपणा असा घेतला, तर कादंबरीचा कणाच हाती लागत नाही.

म्हणून माझ्या विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते, की जुना ग्रंथ वाचताना शब्दाला त्याचे साल विचारावे. शिवाय जुना अर्थ गेला, की एका गुणाचे नावही जाते. आपल्याकडे 'अगदी कॅन्डिडली सांगतो' असे म्हणून सुरू झालेले वाक्य बहुधा कोणाला तरी लागते. तसे सांगणाऱ्याने आधी जुन्या अर्थाने कॅन्डिड होऊन समोरच्याचे ऐकले, तर नव्या अर्थाचा कॅन्डिडपणाही पचेल. या अंकात प्रथमच लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना वाचकांकडून दोन्ही हवे आहेत. क्रम मात्र इतिहासाचाच असावा : आधी जुना, मग नवा.