पाठलाग (भाग ६) : इनाम लागलेला वकील

अमेरिकेत १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं ‘गनस्मोक’ ही मालिका टीव्हीवर गाजत होती. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचा मार्शल मॅट डिलन फरारींच्या मागावर निघायचा आणि घरोघरचा प्रेक्षक मनानं त्याच्या बाजूनं असायचा. त्या मुलखात शेरीफला गावातली धडधाकट माणसं मदतीला बोलावण्याचा अधिकारच होता. पाठलाग करणाऱ्याच्या मागे अख्खं गाव घोड्यावर बसायचं.

बदलापूर गावाच्या पूर्वेला, मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. तिथे संपलेल्या पाठलागात गाव फरारीच्या बाजूनं होतं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२चा, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. कर्जत-नेरळ भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. टंचाईच्या दिवसांत धान्यपेढ्या सुरू केल्या. पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं भात संपलं की कूळ सावकाराच्या दारात उभं राहायचं आणि सुगीला खळ्यावरूनच त्याचा वाटा उचलला जायचा. पेढीतून धान्य मिळू लागल्यावर ती फेरी चुकली. पुढच्या साऱ्या घटनांचं मूळ इथे आहे. भाई भूमिगत झाले तेव्हा त्यांना लपायला जागा शोधावी लागली नाही. ओळखीची दारं होतीच.

ऑगस्ट १९४२मध्ये ‘चले जाव’ची हाक आली. भाईंनी जमवलेल्या दस्त्यात पन्नासेक माणसं होती. त्यात शेतकरी होते आणि त्याच शाळांमधले मास्तरही होते. बंदुकांच्या बळावर सरकारशी झुंजणं शक्य नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. म्हणून त्यांनी वार केला तो विजेच्या तारांवर. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून मुंबईला वीज पुरवत होतं. ती वीज डोंगर-रानातून लोखंडी मनोऱ्यांवरून जायची. मनोरा चार पायांवर उभा असतो. रात्री लोखंड कापायच्या करवतीनं पाय कापत आणले की तो कलतो, आणि एक आडवा झाला तरी पुढची सगळी वाहिनी मुकी होते. अशा शेकडो मनोऱ्यांपैकी प्रत्येकाखाली शिपाई उभा करणं कुठल्याही सरकारच्या आवाक्याबाहेरचं. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्यानं ११ मनोरे पाडले. मुंबईतल्या कारखान्यांना आणि रेल्वेला त्याची झळ बसली.

सरकारनं भाईंवर इनाम लावलं आणि हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला त्यांच्या मागावर सोडलं.

इनामाची ही रीत तशी जुनी. उमाजी नाईकांवरही इंग्रजांनी इनाम लावलं होतं. त्यांचा माग काढणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशनं पुढे १८३३ मध्ये रामोशांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात उमाजींची हकिगत सविस्तर नोंदवली. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली असली तरी ती नोंद मोलाची आहे.

भाईंचा दस्ता अखेर सिद्धगडाच्या आसऱ्याला गेला. गडाच्या माचीवर वस्ती, भोवती भीमाशंकरच्या रांगेचं दाट रान, वर यायच्या वाटा मोजक्या. लपायला याहून चांगली जागा नाही. पण वाटा मोजक्या असल्या की वेढा घालणाऱ्याचंही काम सोपं होतं. २ जानेवारी १९४३ला पहाटे हॉल आणि त्याचे पोलीस तिथे पोहोचले. गोळीबार झाला. भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील तिथेच धारातीर्थी पडले. भाईंनी नुकतीच तिशी गाठली होती.

दर जानेवारीच्या आरंभी सिद्धगडावर लोक जमतात आणि दोघांना मानवंदना देतात. २०२० मध्ये ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपटही आला. तरीही कर्जत लोकलनं रोज जा-ये करणाऱ्या, अंबरनाथ-बदलापुरात नव्यानं राहायला आलेल्या कितीतरी जणांना हे नाव फक्त एखाद्या चौकाच्या पाटीपुरतं माहीत असतं, याची खंत वाटते. ज्या मुलखातून ही गाडी धावते, त्याच मुलखात हा लढा झाला.

पुढच्या भागात १८७९चा पाठलाग : मेजर डॅनियल आणि वासुदेव बळवंत फडके. सरकारनं फडक्यांवर इनाम लावलं, तेव्हा त्यांनी उलट मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या शिरावरच इनाम जाहीर केलं होतं.