उपचारानंतरची वाट

पोटातील अवयवांना वेढणारा पातळ पडदा म्हणजे उदरावरण. त्यातच उद्भवणारा कर्करोग हा अंडाशयाच्या कर्करोगाचा जणू सख्खा भाऊ. शस्त्रक्रिया व केमोथेरपी हे उपचारही तेच. उपचार संपताच रुग्ण विचारते, “डॉक्टर, मी आता बरी झाले ना?” रोग बहुतेकींमध्ये उलटतो, हे मी लपवीत नाही, पण मधला निरोगी काळ काही वर्षांचाही असू शकतो, हेही सांगतो.

पहिली दोन वर्षे साधारणतः २ ते ४ महिन्यांनी, पुढील तीन वर्षे ३ ते ६ महिन्यांनी तपासणी करतात. रक्तातील ‘सीए १२५’च्या आकड्यावर तेव्हा घरादाराचे प्राण टांगलेले असतात. अंडाशयाच्या कर्करोगाविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२९ स्त्रियांवरील चाचणीने मात्र दाखविले, की लक्षणे नसताना केवळ आकडा वाढला म्हणून त्वरित केमोथेरपी दिल्याने आयुष्य वाढत नाही. सुखाचे दिवस तेवढे कमी होतात.

या शाळेतील आमचे गुरुजी गुणपत्रिकेआधी मुलाचा चेहरा वाचीत. मीही आधी विचारतो: जेवण जाते का? पोट फुगते का? यांत काही बिघडले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यावे. आणि नुसता आकडा वाढला, तर धीर सोडू नये.