दुकानामागची शाळा

आपण अक्षरे शिकू लागलो, तेव्हा आपल्याला कुणी अडवले नाही. पण एके काळी माणसांना अक्षरांपासून दूर ठेवण्यासाठी कायदा केला होता. ती हकीगत आज आपण वाचू.

ही गोष्ट अमेरिकेच्या दक्षिण भागातली. तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांनी काळ्या माणसांना गुलाम केले होते. राबायचे गुलामाने, पैसा घ्यायचा मालकाने. गुलाम शिकला तर बंड करील, अशी मालकांना धास्ती होती. म्हणून साउथ कॅरोलायना राज्यात १७४० साली कायदा झाला. गुलामाला लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरला. १८३४ साली वाचायला शिकवण्यावरही बंदी आली.

१८६५ साली गुलामी संपली. रंगावरून कुणाचे मत नाकारू नये, असे १८७० साली देशाच्या घटनेत लिहिले गेले. मग गोऱ्या पुढाऱ्यांनी आडवाट काढली. १८९५ साली त्यांनी राज्याची नवी घटना केली. मत हवे, तर घटनेचा उतारा वाचून नि लिहून दाखवा. नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा!

या अटीत रंगाचे नाव नव्हते. मग अन्याय कुठे होता? बघा, परीक्षा घेणारा अंमलदार गोरा. तो गोऱ्याला सांभाळून घेई, काळ्याला अडवी. काळ्या मुलांच्या शाळांना पैसाही फार थोडा मिळे. म्हणजे आधी शिकू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं, "तुला वाचता येत नाही, तुला मत नाही!" हा काही एकट्यादुकट्या वाईट माणसाचा अन्याय नव्हता. तो कायद्यात, कचेरीत, शाळेत मुरलेला होता.

त्या राज्यात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथले ईसॉ जेन्किन्स बस चालवत. रोज मजुरांना शहरात नेत, आणि वाटेत त्यांच्याकडून घटनेचा उतारा घोकून घेत. पण नुसत्या पाठांतराने भागेना. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिका मदतीला आल्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेच्या त्या सभासद होत्या, म्हणून १९५६ साली त्यांची नोकरी गेली होती.

जानेवारी १९५७ मध्ये तिथे मोठ्या माणसांची शाळा निघाली. पुढे सहकारी दुकान, मागच्या खोलीत शाळा. गोऱ्यांना संशय यायला नको! शिकवायला बर्निस रॉबिन्सन. त्या बायकांचे केस नीट करण्याचा धंदा करीत. पहिल्या वर्गाला १४ जण होते. बाईंनी आधी विचारले, "तुम्हाला काय शिकायचंय?" कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचे होते. बाई पुठ्ठ्यावर नाव लिहून देत; शिकणारा त्यावरून पेन्सिल फिरवी. असे करत करत माणसे घटनेचा उतारा वाचू लागली. मग कचेरीत जाऊन त्यांनी मतदार यादीत नावे घातली.

हे सोपे नव्हते. यादीत नाव घातले म्हणून दक्षिणेत कित्येकांची नोकरी गेली, कित्येकांनी मार खाल्ला. तरी अशा शेकडो शाळा निघाल्या. मोर्चे निघाले. अखेर ६ ऑगस्ट १९६५ रोजी नवा कायदा झाला आणि त्या भागातली वाचनाची अट थांबली. १९७५ साली ती साऱ्या देशातून कायमची गेली.

यात आम्हाला एक गोष्ट मोठी वाटते. ही माणसे स्वतः वाचायला शिकली. पण ज्या शेजाऱ्याला वाचता येत नव्हते, त्यालाही मत मिळाल्याशिवाय ती थांबली नाहीत.