पाय बधिर, दोष मानेत?

चालताना पायातली चप्पल निसटते आणि चार पावले गेल्यावर ते लक्षात येते. अंगावर पाणी घेताना छातीला कढत लागणारे पाणी पायाला कोमट वाटते. पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्याचा भास होतो. तरुण वयात अशा तक्रारी काही दिवस टिकल्या, तर त्यामागे मज्जारज्जूला बाधा करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच ‘एमएस’ हा आजार असू शकतो.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन नावाच्या आवरणावरच हल्ला करते. त्यामुळे संदेशवहन मंदावते किंवा खंडित होते. मज्जारज्जूत संवेदनांचे दोन प्रमुख मार्ग असतात. कंपन आणि सांध्यांची स्थिती यांचे संदेश ज्या बाजूचे, त्याच बाजूने वर जातात. वेदना आणि तापमान यांचे संदेश मात्र मज्जारज्जूतच विरुद्ध बाजूला ओलांडतात. म्हणूनच एका पायाला तोल सांभाळता येत नाही आणि दुसऱ्याला चटका कळत नाही, अशी चमत्कारिक वाटणारी तक्रारही खरी असू शकते.

तपासणीची साधने अगदी साधी असतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाने स्पर्श आणि टाचणीने टोचणी तपासली जाते. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंपन जाणवते का, हे पाहिले जाते. अंगठा किंचित वर वा खाली हलवून त्याची दिशा विचारली जाते. पाय जुळवून उभा असलेला रुग्ण डोळे मिटताच डोलू लागला, तर सांध्यांच्या स्थितीची जाणीव कमी झाल्याची शंका येते. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी गेली, तर मानेतील मज्जारज्जूकडे संशय वळतो.

यानंतर टाचणी पायापासून वर नेत संवेदना कुठे बदलते, ती रेषा शोधली जाते. स्तनाग्रांची पातळी छातीच्या चौथ्या, तर बेंबीची दहाव्या चेतेशी जुळते. मात्र प्रत्यक्ष दोष या रेषेच्या बराच वर असू शकतो.

येथेच मोठी चूक घडू शकते. पाय बधिर म्हणून केवळ कमरेचा एमआरआय काढला जातो आणि तो निर्दोष आला की रुग्णाची तक्रार ‘मनाची’ ठरते. वास्तविक मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि एमएसचे व्रण मानेतील भागात अधिक आढळतात. त्यामुळे मान, छातीचा कणा आणि मेंदू यांचे चित्रण आवश्यक ठरते.

अर्थात प्रत्येक बधिरता म्हणजे एमएस नव्हे. मधुमेहात ती बहुधा दोन्ही तळपायांपासून मोज्यासारखी वर सरकते. ‘बी १२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही कंपनाची जाणीव हरपते. म्हणून रक्ततपासणीही महत्त्वाची.

लक्षण केव्हा सुरू झाले, कुठवर पोहोचले आणि किती दिवस टिकले, याची नोंद रुग्णाने ठेवावी. अंघोळीचे पाणी ज्या हाताची संवेदना शाबूत आहे, त्या हाताने आधी तपासावे. बधिरतेबरोबर पायांतील बळ कमी होऊ लागले किंवा लघवी अडली, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.