अडीचशे माणसांचा वाडा

मिस्त्रींनी वाकसाच्या दांड्याने खांबावर टोला दिला आणि कान लावला. खणखणीत आवाज आला की पुढचा खांब. ओसरीच्या डाव्या अंगाच्या तिसऱ्या खांबापाशी मात्र ते थांबले. आवाज बसका, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. "आतून खाल्लाय," म्हणाले. "वाळवी."

दौंडला दादाच्या घरी भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. चौफुला-केडगावकडची दोन लॉन्स बघून झाली होती. दिवेघाट चढून जाधवगडही बघितला. पिलाजीराव जाधवरावांची १७१०ची ही गढी आता हॉटेल आहे, लग्नंही होतात, आणि सगळं राखलेलं आहे. पण भाचीला आजोळचा वाडा हवा होता. शिरूर तालुक्यातला, घोडनदीच्या अंगाचा, दहा-बारा वर्षं कुलपात असलेला. तिचा हट्ट ऐकून मी उठले आणि बरोबर गेले.

सप्टेंबर २०१९मध्ये किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याच्या शासनाच्या धोरणावरून महाराष्ट्र खवळला, तेव्हा मीही खवळले होते. गडावर वरात नको, हे माझं मत आजही तेच आहे. वाड्याचं वेगळं. वाडा हे घर. भाचीच्या आजीच्या हळदीचं पाणी याच चौकात सांडलंय.

दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यांवर किलचण आणि किलचणीवर खाऱ्या मातीचं माळवद. ही माती दरवर्षी पावसाआधी पसरावी लागते. ते चुकलं की पाणी तुळईच्या टोकाशी, भिंतीत मुरतं आणि लाकूड आतून जातं. कुलपाने वाडा राखला जात नाही, माणसांनी राखला जातो.

मंडपवाले फीत धरून चौक मोजत होते. दादाने विचारलं, "किती मावतील?"

"अडीचशे," मिस्त्री म्हणाले.

"पत्रिका चौदाशे छापायच्यात."

"छापा की. वाडा अडीचशेचा हाय. त्येच्या वर गेलं की पोरं माळवदावर चढणार, आन् माळवद कुणाचं ऐकत नाय."

मंडपवाल्यांच्या पोराने सहज म्हणून स्पीकर लावून बघितला. पहिल्याच ठोक्याला किलचणीतून मातीची बारीक धार सुटली आणि भाचीच्या खांद्यावर पडली. कोणी बोललं नाही. मिस्त्रींनीच हात वर करून स्पीकर बंद करायला लावला. ती माती मी चिमटीत धरून हुंगली. पहिल्या पावसाचा वास नव्हे. कोठीतल्या जुन्या जोंधळ्यांचा, वटवाघळांचा, बंद घराचा. घरी आल्यावर पदराला तोच येत होता.

परत निघताना दादा हिशोब मांडत होता. सोयरे, भावकी, रेल्वेतले सोबती, कोणाला वगळायचं? आमच्याकडे लग्नाला न बोलावणं म्हणजे नातं तोडणं, असं त्याचं म्हणणं, आणि तो खोटं बोलत नव्हता. मला मात्र मिस्त्रींचा आकडा पटला होता. वाडा निवडायचा तर त्याच्या मापाचं लग्न करावं. बाकीच्यांना दौंडला दुसऱ्या दिवशी जेवण घालता येतं.

"खिळा एकबी ठोकायचा नाय," मिस्त्रींनी मंडपवाल्यांना बजावलं. "झालर बांधा, सुतळीनं." मग तिसऱ्या खांबावर गेरूची फुली मारली. लग्नाआधी तिथे टेकू द्यायचा, पावसाळा संपला की खांब बदलायचा.

"बाबा, मी ह्याच्याजवळ उभी राहिले तर चालंल?" भाचीने विचारलं.

मिस्त्रींनी फुलीच्या पुढचा खांब पुन्हा एकदा वाजवून बघितला. खणखणीत. "हितं उभी ऱ्हा, पोरी."