कॉफीवरील तांबेरा आणि सूक्ष्म कणांचे कवच

गव्हावरील तांबेरा आमच्या शेतकरी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. तसाच एक तांबेरा कॉफीवरही पडतो. सन १८६९ मध्ये तो सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, आढळला आणि पुढील वीसएक वर्षांत तेथील कॉफीचे मळे उजाड होऊन त्यांच्या जागी चहा आला. कर्नाटकातील कोडगू व चिकमगळूरच्या बागाईतदारांनाही ह्या रोगाशी पिढ्यान्पिढ्या झुंजावे लागत आहे.

ही बुरशी पानाच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीसारखी दिसते. पान ओले राहिले की तिचे बीजाणू रुजतात व पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. पाने गळतात, झाड अशक्त होते आणि पुढील हंगामाचे फळ बुडते. ह्यावर जुना उपाय म्हणजे मोरचूद व चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण. बीजाणू रुजण्यापूर्वीच तांब्याचा थर पानावर असावा लागतो. परंतु पाऊस तो थर धुऊन नेतो, आणि धुतलेले तांबे मातीत साचत जाते.

येथे नवे शास्त्र पुढे येते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरहून लहान असे तांब्याचे कण आता बनविता येतात. त्यांचा लाभ साध्या हिशेबाने कळेल. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार तुकडे केले, तर ते साठ होते. वजन तेच, पृष्ठभाग मात्र दसपट! थोड्या तांब्यात अधिक पाने राखावीत, हा ह्या संशोधनाचा हेतू होय.

तथापि जे लहानपण गुणकारी, तेच घातकही ठरू शकते. फवाऱ्यातील असे कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात. मातीतील उपकारक जीवांनाही त्यांची बाधा होऊ शकते. म्हणूनच भारत सरकारने २०२० मध्ये अशा कृषी-उत्पादनांच्या परीक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डब्यावर ‘नॅनो’ हा शब्द वाचून कोणी कर्ज काढू नये. आधी जाणत्या कृषी अधिकाऱ्यास विचारावे. वेळेवर छाटणी, बेताची सावली आणि रोगास तोंड देणारे वाण ह्यांची उणीव कोणतेही औषध भरून काढणार नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात मानवी बुद्धीच्या आनंददायक यशांत ह्या शास्त्राचाही उल्लेख केला आणि त्याबरोबरच सामर्थ्याच्या गैरवापराविषयी सावधही केले. परमेश्वराने आदामाला एदेन बागेत ठेवले, ते मशागतीसाठी आणि राखणीसाठीही. नवे औषध हाती घेताना ह्या दोन्ही कामांचे भान आपण ठेवू या.