मनगटावरचं लिटरभर पाणी

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने घाटघरला पोचलं की सह्याद्री एकाएकी संपतो. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. पावसाळ्यात इथे असा पाऊस कोसळतो की घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. लोक धुकं बघून परततात, पण या डोंगराच्या पोटात जे आहे तेही तितकंच बघण्यासारखं आहे. तिथे एक प्रचंड बॅटरी आहे, पाण्याची.

वर प्रवरेवर एक धरण, खाली ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरं, आणि मधल्या डोंगरात भुयारी वीजघरात १२५ मेगावॅटची दोन यंत्रं. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज काढायची. मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. घाटघरचा हा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ सालापासून हेच करतो आहे.

आता मनगटावरच्या स्मार्टवॉचकडे बघा. त्यातली बॅटरी साधारण ३०० मिलीअँपिअर-तासांची, दाब ३.८५ व्होल्टच्या आसपास. गुणाकार केला तर जेमतेम १.१५ वॅट-तास, म्हणजे सुमारे चार हजार ज्यूल ऊर्जा. घाटघरच्या वरच्या आणि खालच्या जलाशयांच्या पातळीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. एक लिटर पाणी चारशे मीटर खाली आलं तर जास्तीत जास्त किती ऊर्जा देईल? तीही चार हजार ज्यूलच्या जवळपास. हा हिशेब मी कागदावर पुन्हा करून पाहिला आणि पुन्हा तोच आला. पाण्याची एक बाटली कड्यावरून कोकणात रिती करायची, आणि तेवढ्यावर घड्याळाने दीड-दोन दिवस वेळ दाखवायची, पावलं मोजायची, नाडी बघायची, फोनवरचे निरोप आणून द्यायचे! साठ किलोचा माणूस तेवढाच चढ चढला, तर नुसतं त्याचं वजन वर न्यायलाच अशा पन्नासहून जास्त बॅटऱ्यांइतकी ऊर्जा लागते.

हे साम्य आकड्यापुरतंच नाही. लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचे थर असतात, दुसऱ्या बाजूला ग्राफाइटचे. चार्ज करताना आपण लिथियमचे आयन पहिल्या घरातून उठवतो आणि ग्राफाइटच्या थरांत नेऊन बसवतो. तिथे त्यांना करमत नाही. वाट मिळाली की ते मूळ जागी परत निघतात, आणि त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने, घड्याळाच्या सर्किटमधून, जातात. पाणी वर चढवून ठेवायचं आणि लागेल तसं खाली सोडायचं, तोच हा व्यवहार, फक्त नखाएवढ्या जागेत. उदंचन प्रकल्पात चढवायला घातलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. लिथियमची बॅटरी नऊ दशांशाहून अधिक परत देते.

हे जमायला दोन दशकं लागली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात थरांमध्ये लिथियम शिरवण्याची कल्पना चालवून दाखवली, जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइड आणलं, अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये ही बॅटरी सुरक्षित वापराजोगी केली आणि १९९१मध्ये सोनीने ती बाजारात उतरवली. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल त्यांच्याआधी कुणालाच मिळालेलं नव्हतं.

धरणात किती पाणी आहे ते भिंतीवरच्या मोजपट्टीवर वाचता येतं. बॅटरीत अशी पट्टी नसते. डायलवर ‘४२ टक्के’ दिसतं तो एका चिमुकल्या चिपचा अंदाज असतो. आत-बाहेर जाणारा प्रवाह ती क्षणोक्षणी मोजून बेरीज-वजाबाकी करते, आणि मधूनमधून व्होल्टेजवर पडताळून पाहते. घोळ असा की व्होल्टेज सुरुवातीला जरा उतरतं, मधल्या मोठ्या टप्प्यात फार सावकाश सरकतं आणि शेवटी धाडकन कोसळतं. मधल्या सपाटीवर आपण नेमके कुठे आहोत हे व्होल्टेजवरून नीट कळत नाही. बॅटरी जुनी झाली की तिची खरी क्षमता घटते आणि चिपचा हिशेब चुकायला लागतो. शेवटचे दहा-पंधरा टक्के झरझर उतरतात ते यामुळे. डोंगरात असताना मी शेवटचे पंधरा टक्के नाहीतच असं धरून चालतो, आणि तुम्हीही तसंच धरावं असं मला मनापासून वाटतं.

मग हे लिटरभर पाणी जातं कुठे? वेळ दाखवण्यात तर नक्कीच नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाने भागत भागत पंधरा पायऱ्या उतरलं की बरोबर एक सेकंद मिळतो. याला साधारण एक मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. म्हणजे ३०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, आपोआप होणारी झीज सोडली तर, नुसत्या वेळेसाठी चौतीस वर्षं चालली असती.

मोठा खर्च उजेडाचा. ओएलईडी पडद्यावर प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळा ठिपका विझलेला असतो. म्हणून काळ्या पार्श्वभूमीची, बारीक काट्यांची डायल खरोखरच बॅटरी वाचवते. पांढरी, फोटो लावलेली डायल ती खाते. भर उन्हात पडदा आपोआप जास्तीत जास्त उजळतो, आणि पडदा सतत चालू ठेवण्याची सोय तर पहिल्यांदा बंद करावी अशी गोष्ट आहे. चालताना, काठी टेकताना दर हेलकाव्याला पडदा जागा होतो, तेही बंद केलेलं बरं. घड्याळ उलटं केलं की पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोक्यागणिक मनगटातलं रक्त वाढतं-घटतं तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. हा दिवा क्षणभरच लागतो. तो बंद करून फार काही वाचत नाही, आणि चढावर नाडीचा आकडा उपयोगीही पडतो. मी तो चालू ठेवतो.

खरा खादाड म्हणजे जीपीएस. कळसूबाईच्या वाटेवर, बारी गावातून निघताना, बरेच जण घड्याळावर ट्रॅक सुरू करतात. त्या क्षणापासून घड्याळ सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांना ऐकू लागतं. तिथून येणारा संदेश मनगटापर्यंत पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की एका वॅटचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी करा, आणि त्याचाही शंभरावा हिस्सा घ्या. आसपासच्या विद्युत-कोलाहलात तो बुडालेला असतो. ठरलेल्या सांकेतिक नमुन्याशी पुन्हा पुन्हा जुळवून घड्याळ तो हुडकून काढतं, आणि बॅटरी या जुळवाजुळवीत जाते. शिवाय प्रत्येक उपग्रह आपली कक्षा सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने सांगतो. ते सांगून व्हायला अर्धं मिनिट लागतं. फोनला रेंज असताना घड्याळ ही माहिती फोनमार्फत आधीच उचलतं. म्हणून ट्रॅक सुरू करायचा तो गावात, रेंजमध्ये, उघड्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबून. झाडीत शिरल्यावर नाही.

जीपीएसची खरी परीक्षा बघायची तर साम्रदच्या सांदण दरीत उतरा. दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, काही ठिकाणी जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि वर आभाळाची चिंधी. त्या चिंधीत जे उपग्रह असतील तेवढेच घड्याळाला थेट दिसतात. बाकीच्यांचे संदेश कातळावर आपटून, लांबच्या वाटेने येतात, आणि घड्याळाला वाटतं आपण भिंतीच्या आत आहोत. नंतर नकाशावर पाहिलं तर आपली रेघ दरीच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारताना दिसते. दरसेकंद नोंद करणं इथे वाया जातं. दर मिनिटाला किंवा बॅटरी वाचवण्याच्या पद्धतीने नोंद ठेवली तरी हाती येणारी रेघ तेवढीच खरी असते. सिमवालं घड्याळ असेल तर रेंज नसलेल्या दरीत ते टॉवर शोधत राहतं आणि त्यातच रिकामं होतं, तेव्हा एअरप्लेन मोड लावून जीपीएस तेवढा चालू ठेवावा.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम केला की आणखी एक चमत्कार दिसतो. थंडीत बॅटरीतल्या द्रवातून आयन जड पावलांनी चालतात, अंतर्गत रोध वाढतो. पडदा पेटला, जीपीएस लागला की व्होल्टेज दबतं, घड्याळाला वाटतं संपलं, आणि वीस टक्के दिसत असताना ते बंद पडतं. ऊर्जा गेलेली नसते, अडलेली असते. हात पांघरुणात घेऊन उबेत ठेवला की बरेचदा तेच घड्याळ पुन्हा सुरू होतं. रात्री ते काढून दगडावर ठेवू नका, अंगावर असू द्या.

उन्हाळ्यात मात्र नुकसान भरून येत नाही. पहिल्या काही चार्जिंगमध्येच ग्राफाइटवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो. तो हवाच असतो, नाहीतर आतला द्रव ग्राफाइटशी सतत झगडत राहिला असता. पण तो पापुद्रा हळूहळू जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवतो. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी एकत्र आली की हे वेगाने होतं. एप्रिलात नगरला उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरणं किंवा तापलेल्या घड्याळाला लगेच चार्जरच्या चकतीवर ठेवणं बॅटरीचं आयुष्य खातं. रोज शंभर टक्के करण्यापेक्षा ऐंशीच्या आसपास थांबलेलं बरं, आणि बरेच दिवस ठेवून द्यायचं असेल तर निम्म्यावर बंद करून थंड जागी ठेवावं.

क्षमता किती उरली हे काही घड्याळं सांगतात. ॲपलच्या घड्याळात सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसतं, आणि ते ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं की बॅटरी बदलायची वेळ आली असं समजतात. बाकीच्यांसाठी स्वतःची मोजणी ठेवता येते. एखाद्या साध्या, घरी-ऑफिसच्या दिवशी सकाळी पूर्ण चार्ज करून घड्याळ घाला, जीपीएस लावू नका, आणि रात्री झोपताना किती टक्के उरले ते वहीत लिहा. काही महिन्यांनी त्याच सेटिंगवर, तशाच दिवशी पुन्हा लिहा. नवं सॉफ्टवेअर आल्यावर पहिले एक-दोन दिवस घड्याळ आतली बरीच कामं उरकत असतं, तेव्हाचा आकडा धरू नका.